डावखुरी बंदूक

फुगा फुटायच्या आधी वेंडल पॅप्के फुटायचा. पोरांच्या वाढदिवसाला कुणी फुग्यात हवा भरायला घेतली की हा गडी गाडीची काच पुसायचं निमित्त काढून बाहेर. टोस्टरमधून पाव उडाला तरी छातीवर हात. आणि असल्या माणसाला त्या ऑक्टोबरात हरणाच्या शिकारीसाठी बंदूक घ्यायची होती. घ्यायची होती कसली, घ्यावी लागणार होती. सासऱ्यांनी कॅम्पला बोलावलं होतं.

सासरे म्हणजे हार्लन स्कॉगस्टाड. उत्तर विस्कॉन्सिनच्या त्या टापूत हरणंसुद्धा त्यांना वचकून असायची. बोलायचे कमी, बघायचे जास्त, आणि असला माणूस जास्त भीतीदायक असतो हे सांगायला नको. त्यांचा जंगलात एक लाकडी कॅम्प होता. तिथं मोजक्या खाटा, आणि एकदा मिळालेली खाट माणूस मेल्याशिवाय नाहीतर गुडघे गेल्याशिवाय सोडायचा नाही. यंदा ओर्लिनकाकांचे गुडघे गेले. खाट रिकामी झाली.

कॅम्पचा मुख्य नियम एकच होता, पण कडक. छताच्या तुळईवर तुझं काहीतरी टांगलेलं पाहिजे. हरीण मारलंस तर शिंगं. बार काढलास पण नेम चुकला, तर सगळे मिळून तुझ्या शर्टाचं मागचं टोक कापणार, त्यावर तू तुझं नाव लिहायचं आणि ते टांगायचं. थट्टा होते, पण थट्टा झालेला माणूससुद्धा कॅम्पातलाच. ज्याचं पहिल्या शनिवार-रविवारात तुळईवर काहीच लागलं नाही, त्यानं आपली उशी उचलायची आणि घरी जायचं. कायमचं. आणि वेंडलचा साडू कर्ट, जो लग्नाच्या पहिल्याच वर्षी कॅम्पात घुसला होता, त्यानं त्या खाटेसाठी स्वतःचा साहेब आधीच ठरवून ठेवला होता.

"बाबांना मी नाही म्हणून सांगते," बायको मार्ना म्हणाली. "तुला रात्री फ्रिज वाजला तरी झोप लागत नाही."

"खबरदार सांगशील तर!" वेंडल उसळला. "बारा वर्षं झाली. दर नोव्हेंबरात सगळे पुरुष जंगलात, आणि मी तुझ्या आईशेजारी बसून बटाटे सोलतोय. मागच्या वर्षी तुझी मावशी मला काय म्हणाली? म्हणाली, तुझ्यासारखी सून मिळायला नशीब लागतं!"

त्यात वेंडलची नोकरी विम्याच्या ऑफिसात. अपघाताचे दावे बघायचे. म्हणजे आपल्याला भीती नुसती वाटते, त्याला ती तपशीलवार वाटायची. झाडावरच्या मचाणावरून कोण पडला, कुठल्या बाजूला पडला, कुठलं हाड गेलं, सगळं तोंडपाठ. बंदूक पुसताना स्वतःच्याच पायाच्या अंगठ्यावर बार काढणारा एक माणूस होता, त्याच्या फायलीतला फोटो वेंडलनं एकदाच बघितला आणि नंतर महिनाभर चपला घालून झोपला.

आधी शिकारीचा सुरक्षा वर्ग करावा लागतो. अग्निशमन दलाच्या शेडमध्ये भरतो. वेंडल गेला तर सगळी शाळकरी पोरं, आणि त्यांच्या बुटक्या खुर्चीत हा, गुडघे कानाशी. दातांना तार लावलेली एक पोरगी शेजारी होती. "काका," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "नळी तुमच्याच बुटाकडं आहे." लाकडी बंदूक होती ती, खेळातली. तरी वेंडलनं पाय असा काही वर घेतला की खुर्चीसकट आडवा. पास झाला खरा. पोरीला जास्त मार्क.

मग सुरू झाले सल्ले, कुठल्या नंबरची बंदूक घ्यावी याचे. शेजारी नॉर्ब वॉयचिक कुंपणावर कोपरं टेकूनच उभा होता, जणू बारा वर्षं याच दिवसाची वाट बघत होता.

"वेंड्या, डोळे मिटून तीस-शून्य-सहा घे. माझ्या बापाची तीच, आजाची तीच."

"खांद्याला लागते का?"

"लागते म्हणजे? बंदूक आहे का मांजर? आजाचा खांदा एकदा निखळला होता. पण हरीण पडलं ना!"

वेंडलनं तीस-शून्य-सहावर मनातल्या मनात फुली मारली. चर्चमध्ये पाद्रीबाबांना गाठलं, म्हटलं देवाचा माणूस, काहीतरी मऊ सांगेल. पाद्रीबाबांनी खांद्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "बाळा, तीस-तीस. आणि झाडी दाट असेल तर गोळी जड घे." दाताच्या डॉक्टरनं तर गिरमिट तोंडात घालूनच विषय काढला. "दोनशे सत्तर! दुसरं काही घेऊच नकोस. घेणार ना? आँ? हां, म्हणजे हो!" टपालवाला म्हणाला दोनशे त्रेचाळीस, लहान आहे, धक्का कमी. हे ऐकून वेंडलचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात कर्टचा फोन. "काय साडूबुवा, ऐकलं बंदूक बघताय. दोनशे त्रेचाळीस घेऊ नका हां. ती आम्ही सातवीतल्या पोरींना देतो." भांड्यात पडलेला जीव भांड्यासकट खाली.

रात्री त्याला स्वप्नात नुसते आकडे दिसायला लागले. बायकोनं विचारलं किती अंडी करू, तर म्हणाला तीस-शून्य-सहा.

शेवटी एका शनिवारी तो दुकानात गेला. खिळे, रंग, गळाला लावायची गांडुळं आणि बंदुका असं सगळं एकत्र मिळणारं दुकान. गल्ल्यावर बर्निसबाई. चुलीतलं लाकूड वाटावं असा आवाज.

"कसली पाहिजे?"

"हळू आवाजाची," वेंडल म्हणाला. "आणि खांद्याला न लागणारी. पण पोरींची नको."

बर्निसबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "मग उशी ने."

भिंतीवर बंदुका ओळीनं. वेंडलला सगळ्यांच्या नळ्या आपल्याकडंच वळल्यासारख्या दिसत होत्या. एकच जरा माणसातली वाटली. चॉकलेटी लाकूड, कडेला टांगलेली, किंमत उतरवलेली. इतरांपेक्षा वेगळी का दिसते ते काही त्याला कळलं नाही. त्याला वाटलं स्वभावानं गरीब असेल.

"ती," तो म्हणाला.

मग सरकारी फॉर्म. बर्निसबाई एकेक प्रश्न मोठ्यानं वाचत होत्या, कारण वेंडलच्या हाताला इतका घाम की कागद चिकटत होता. गुन्हा केलाय? नाही. पोलीस शोधतायत? नाही. कोर्टानं वेडा ठरवलाय? नाही. नशा? नाही. मागं रांगेत चार माणसं, सगळी ओळखीची, सगळ्यांचे कान टवकारलेले. वेंडलला वाटायला लागलं, इतकं सारखं नाही नाही म्हणणारा माणूस संशयित दिसत असणार. एखाद्याला तरी हो म्हणायला पाहिजे.

तेवढ्यात बर्निसबाईंनी फॉर्म मिटला, बंदुकीकडं मान केली आणि विचारलं, "डावखुरा आहेस ना?"

"हो!" वेंडल म्हणाला. इतक्या जोरात की रांगेतला एकजण मागं सरकला.

बाईंनी त्याच्या उजव्या हातातल्या पेनाकडं बघितलं. खांदे उडवले. गिऱ्हाईक आहे, लिहू दे कशानंही.

पण बंदूक त्या दिवशी मिळाली नाही. संगणक म्हणाला थांबा. का थांबा, तर वेंडलनं घाबरून जन्मतारखेच्या जागी आजची तारीख टाकली होती. म्हणजे सरकारच्या हिशेबानं सकाळी जन्मलेलं एक मूल दुपारी हरणं मारायला निघालं होतं. ते निस्तरायला पुढचा आठवडा गेला, आणि तेवढ्यात गावभर झालं की वेंडल पॅप्केला वॉशिंग्टननं अडवलाय. ऑफिसात साहेबानं त्याच्या टेबलावरची कात्री काढून घेतली.

बंदूक घरी आली. वेंडलनं ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि स्वतः फ्रिजच्या मागं उभा राहिला. नॉर्ब कुंपण ओलांडून धावत आला, खोका उघडला, आणि त्याचं तोंडही उघडलं.

"वेंड्या. काडतूस आत-बाहेर सरकवायचा दांडा डावीकडं आहे."

"मग?"

"मग काय मग! ही डावखुऱ्याची आहे! तू डाव्या हातानं नाक तरी शिंकरतोस का?"

 परत करायची म्हणजे बर्निसबाई, रांग, संगणक. आणि ते झालं की कर्ट. कर्टला कळलं की पुढची वीस वर्षं प्रत्येक जेवणात हेच वाढणार. तो नॉर्बला म्हणणार होता की कुणाला बोलू नको, पण दारात सासरे उभे होते. हार्लन. टोपी हातात, आत कधी आले देव जाणे.

त्यांनी बंदूक उचलली. दांड्याकडं बघितलं. वेंडलकडं बघितलं.

"डावखुरा आहेस तू?"

नाही म्हणायला काय लागत होतं? काही नाही. पण भ्यालेल्या माणसाची जीभ त्याच्या आधी पळते.

"जन्मापासून," वेंडल म्हणाला.

मार्नानं भांडी पुसायचं फडकं तोंडात कोंबलं. नॉर्ब छताकडं बघायला लागला. हार्लननी मान डोलावली. "बारा वर्षांत लक्षात नाही आलं," म्हणाले आणि गेले.

आता गंमत बघा. थाप मारली यानं, आणि राग कुणाला आला? यालाच. रात्रभर तळमळत होता. "बारा वर्षं! दर शुक्रवारी मासे खायला त्या माणसासमोर बसतो मी! मी कुठल्या हातानं खातो हेसुद्धा बघितलं नाही त्यानं! मी कोण आहे त्या घरात? खुर्ची?"

"मग सांग ना खरं," मार्ना म्हणाली.

"आता? आता मी खोटारडी खुर्ची होऊ?"

झालं. तिथून उजवा हात खिशात. शुक्रवारी तळलेला मासा डाव्या हातानं खाताना कोबीची कोशिंबीर मांडीवर, आणि सॉस सासूबाईंच्या पर्सवर. बोलिंगला गेले, तर डाव्या हातातून सुटलेला गोळा शेजारच्या पट्ट्यावर जाऊन दुसऱ्याच कुटुंबाच्या बाटल्या पाडून आला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. कर्ट मात्र बारीक डोळ्यांनी बघत होता. "साडूबुवा, जन्मापासून डावखुरे ना? मग बहुतेक परवाच जन्मलात. सरकारचंपण तेच म्हणणं होतं." हार्लन नुसते चघळत बघत राहिले.

नॉर्बनं नेम शिकवायला खाणीत नेलं. वेंडलनं कानात बोळे घातले, वरून कर्णटोप, त्यावर मफलर, आणि दोन्ही डोळे घट्ट मिटून बार काढला. डोळे उघडले तेव्हा तो बसलेला होता, बंदूक नॉर्बच्या हातात होती, आणि पुठ्ठ्यावरचं हरीण होतं तसं.

"हरीण बरं आहे," नॉर्ब म्हणाला. "तू कसा आहेस?"

नोव्हेंबर उजाडलाच. कॅम्पात शिरताना वेंडलनं पहिल्यांदा वर बघितलं. तुळईवर शिंगंच शिंगं, आणि त्यांच्यामधून लोंबणारी शर्टांची टोकं. चौकटीची, पट्ट्यांची, धुरानं काळी पडलेली, प्रत्येकावर नाव. ओर्लिनकाकांची तीन होती. कर्टचं एक होतं, ते त्यानं मोठ्या शिंगामागं सरकवून ठेवलं होतं.  वेंडलला शिंगं नकोच होती. कोणाला मारायचंही नव्हतं. फक्त तिथं आपलं नाव पाहिजे होतं, एवढ्याशा फडक्यावर.

जेवणात शिकारीची मिरचीवाली उसळ. डाव्या हातातला चमचा कानापर्यंत गेला.

"साडूबुवा, तोंड जरा अलीकडं आहे," कर्ट म्हणाला. सगळा कॅम्प हसला. "आणि ऐका, रविवारी माझे साहेब येतायत. खाट बघायला. उशी फार फुगवू नका."

"आणखी एक नियम आहे, तो विसरू नका," हार्लन एवढंच म्हणाले. "मचाणावर जो झोपला त्यानं हंगामभर भांडी घासायची." हे कर्टला का वेंडलला, कळलं नाही. दोघांनीही ताटात मान घातली.

पहाटे हार्लननी वेंडलला झाडापाशी सोडलं. मचाण म्हणजे खोडाला टेकवलेली शिडी आणि वर बाकडं. "मी टेकडीपलीकडं आहे," म्हणाले, आणि अंधारात विरघळले.

वेंडल वर चढला. प्रत्येक पायरीला एकेक फाईल आठवत होती. वर गेल्यावर त्यानं सुरक्षेचा पट्टा बांधला, मग त्यावर एक दोरी, मग आणखी एक, मग उरलेला मफलर. काडतुसं भरली. चारच, पण चाळीसदा भरल्यासारखी वाटली. कानात बोळे घातले. आणि मग अशी शांतता पसरली की स्वतःच्या नाडीचा आवाज कुणी जंगलातून चालल्यासारखा येऊ लागला. थंडी बुटांतून वर आली. बर्फावर हळूहळू राखाडी उजेड पसरला. प्रत्येक बुंधा आधी अस्वल होता, मग सासरे, मग बुंधा.

आणि एक बुंधा चालायला लागला.

हरणाचा नर होता. मान जाड, शिंगांना दव. वाऱ्यावर नाक उचलून तो उघड्यावर आला आणि सरळ वेंडलकडं बघत थांबला. नाकातून वाफ निघत होती. वेंडलला इतकं मोठं, इतकं जिवंत काही एवढ्या जवळून कधी बघायला मिळालं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. तुळई आठवली. बटाटे आठवले. बंदूक डाव्या खांद्याला लागली. दांडा मागं, दांडा पुढं. दांडा मागं, दांडा पुढं. खांद्याला धक्के, कानात गरगर, छातीत धडाम धडाम. पुन्हा. पुन्हा. हरीण जागचं हललं नाही. मग त्यानं शेपूट उडवली आणि एखाद्या कंटाळलेल्या पाहुण्यासारखं निघून गेलं.

"चुकले!" वेंडल ओरडला. "चारही चुकले! देवा, चारही!" एवढा आनंद त्याला लग्नातसुद्धा झाला नव्हता. नेम चुकला म्हणजे शर्ट कापणार. शर्ट कापला म्हणजे खाट.

खाली उतरायला मात्र जमेना, कारण दोऱ्या. हार्लन आले तेव्हा तो मफलर दातानं सोडवत होता.

"चार बार काढले!" तो वरूनच म्हणाला. "तुम्ही ऐकले असतीलच!"

हार्लन झाडाच्या डाव्या अंगाला गेले, वाकले, आणि बर्फातून एक काडतूस उचललं. मग दुसरं. मग आणखी दोन. सगळी पितळी, लखलखीत, आणि प्रत्येकाच्या टोकाला गोळी जशीच्या तशी.

वेंडलनं खाली बघितलं. एकही फुटलेलं नव्हतं. दांडा मागं-पुढं करून त्यानं चारही काडतुसं नुसती बाहेर फेकली होती. चापाला बोट लागलंच नव्हतं. धडाम धडाम झालं होतं ते सगळं स्वतःच्याच छातीत.

 आता थाप मारायलाही जीभ हलेना. गावात, कॅम्पात, कर्टच्या तोंडात हे गेलं की खाट राहू दे, त्याला गावच सोडावं लागणार होतं.

"मी उशी घेऊन जातो," तो म्हणाला. "गाडी मी चालवेन. तुम्ही फक्त मला खाली उतरवा."

हार्लननी दोऱ्या कापल्या. वेंडल बर्फात उतरला. म्हातारा तळहातावरची काडतुसं बघत उभा होता, जशी बघावी कोणाची तरी जुनी चिठ्ठी.

"तुळईवर सगळ्यात जुनं टोक कुणाचं आहे माहितेय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"माझं. त्या दिवशीही कुणी बार ऐकला नव्हता." काडतुसं त्यांच्या खिशात गेली. "चल. शर्ट आत नीट खोच. बाहेर काढायला मजा येते."

कॅम्पात सगळे जमले होते. हार्लननी टोपी काढली आणि म्हणाले, "वेंडलनं चार बार काढले. चारही चुकले. चाकू आणा."

"बार?" कर्ट उठलाच. "कसले बार? मी तर एकही ऐकला नाही! माझं मचाण त्याच्या बाजूलाच आहे!"

"ऐकला नाहीस?" हार्लननी सावकाश वळून बघितलं. "जागा होतास ना तू?"

"म्हणजे काय! डोळ्यांत तेल घालून!"

"मग कमाल आहे. लगोलग चार बार, शेजारच्या झाडावर, आणि जाग्या माणसाला ऐकू नाही आले." त्यांची नजर कोपऱ्यातल्या खरकट्या भांड्यांच्या ढिगावर गेली आणि तिथंच थांबली. सगळ्यांची गेली.

कर्टच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. गालावर अजून बाहीची घडी उमटलेली होती.

"हां हां," तो म्हणाला. "ते चार होय! मला वाटलं पलीकडच्या कॅम्पचे. ऐकले ना. चांगले खणखणीत होते."

वेंडलला टेबलावर पालथा घातला. मार्नानं दिलेला नवाकोरा लाल चौकटीचा शर्ट फर्रकन फाटला, मागं गार वारा लागला, आणि कॅम्पात असा ओरडा झाला की वेंडल नेहमीसारखा दचकला. पण पळाला नाही. टोक त्याच्यापुढं पसरलं. कुणीतरी जाड शाईचं पेन दिलं.

त्यानं ते डाव्या हातात धरलं. जीभ दातांत, कपाळावर घाम. पहिलं अक्षर पाय मोडलेल्या कोळ्यासारखं उमटलं. दुसरं त्याच्या अंगावर पडलं. कर्ट पुढं वाकून बघायला लागला.

हार्लननी कॉफीचा कप खाली ठेवला.

"उजव्या हातानं लिही रे बाबा," ते म्हणाले. "वर टांगायचंय. वाचता आलं पाहिजे."